उंच, अरुंद, जुन्या वळणाची अक्षरं: कशी ओळखायची, कुठे वापरायची

गणपतीच्या दीड महिना आधीपासून आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजाराच्या ऑफिसात मंडळांची मुलं-मुली यायला लागतात. कुणाला स्मरणिकेचं मुखपृष्ठ हवं असतं, कुणाला नाटकाचं पोस्टर, कुणाला आरतीचं कार्ड. मोबाइलवर एखादं चित्र पुढे करतात आणि म्हणतात, "ताई, असं जुन्या काळातलं वाटलं पाहिजे." त्या चित्रात बहुतेक वेळा एकच जादू असते. उंच, अंग चोरून उभी असलेली, पायाशी आणि डोक्याशी बारीक पट्ट्या असलेली रोमन अक्षरं. मग ही मुलं घरी जाऊन तसा एखादा फॉन्ट उतरवून घेतात, इंग्रजी नाव झकास बसवतात आणि त्याखालचं मराठी नाव माउसने दोन्ही बाजूंनी दाबून तितकंच अरुंद करतात. छापून आलं की मराठी ओळ आजारी दिसते, आणि नेमकं काय चुकलं ते कुणालाच सांगता येत नाही.

हा लेख त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी नुकतंच अक्षरांचं काम हातात घेतलं आहे अशा सगळ्यांसाठी. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. चांगलं अरुंद अक्षर अरुंद म्हणूनच रेखाटलेलं असतं. रुंद अक्षर दाबलं म्हणून ते अरुंद जातीचं होत नाही.

पहिली पायरी: डोळा तयार करा

फॉन्ट शोधायला बसण्याआधी दोन दिवस फक्त पाहण्यात घालवा. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, त्यातलं हे मुख्य ग्रंथालय. काचेच्या लाद्यांचे मजले पाहायला लोक येतात, तुम्ही पुस्तकांची शीर्षकपानं पाहा. शंभर वर्षांपूर्वीचं कुठलंही इंग्रजी किंवा मराठी पुस्तक मागून घ्या, आणि सोबत भिंग ठेवा.

भिंगातून काय पाहायचं? आधी अक्षराच्या टोकांना असलेल्या आडव्या पट्ट्या. यालाच सेरिफ म्हणतात. काही टाइपांत (टाइप म्हणजे एका वळणाचा अक्षरसंच) ही पट्टी उभ्या दांडीला काटकोनात, केसासारखी बारीक चिकटलेली असते. इटलीतल्या पार्मा शहरात काम केलेल्या बोडोनीच्या (१७४०–१८१३) वळणात ती अशी दिसते. दुसऱ्या काही टाइपांत दांडीपासून पट्टीपर्यंत हलकी कमान उतरते, झाडाचं खोड मुळांकडे पसरतं तशी. हा फरक एकदा नजरेत बसला की विसरला जात नाही. पहिल्या प्रकारात थाट असतो, दुसऱ्यात ऊब.

मग कॅपिटल 'ओ' पाहा. साध्या टाइपात तो गोलाकडे झुकतो. अरुंद टाइपात त्याच्या दोन्ही कडा जवळजवळ सरळ खाली येतात आणि वळण फक्त वर-खाली उरतं. धावण्याच्या मैदानाचा पट्टा उभा केला तर जसा दिसेल तसा. खरं अरुंद अक्षर ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. त्याच अक्षराची जाड बाजू पाहा: पोट आत ओढून घेतलं तरी दांडीची जाडी कमी झालेली नसते. आतली पोकळी मात्र उंच, सडपातळ झालेली असते. चार अक्षरं शेजारी ठेवली की काळ्या दांड्या आणि पांढऱ्या फटी यांचा ठेका तयार होतो, जुन्या वाड्याच्या गजांच्या खिडकीसारखा. या टाइपाचं सगळं सौंदर्य त्या ठेक्यात आहे.

जुनेपणाच्या खुणा आणखी थोड्या आहेत: 'आर'चा झोकात बाहेर टाकलेला पाय, लहान 'ए' आणि 'सी' यांच्या टोकाला शाईचा थेंब थांबल्यासारखी गोळी, दोन मजली लहान 'जी', ओळीच्या वर-खाली डोलणारे आकडे. प्रत्येक टाइपात या सगळ्या नसतात. दोन-तीन भेटल्या तरी डोळ्याला काळ कळतो.

ही अक्षरं अरुंद का झाली

हे समजलं तर वापर आपोआप समजतो, म्हणून थोडं थांबते.

शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशांच्या, काळात जुळाऱ्याला (खिळे जुळवणाऱ्या कामगाराला) ओळ बसवायची असे, आणि खिळा काही चेपता येत नाही. मथळा एका रकान्यात मावत नसेल तर दोनच उपाय: शब्द बदला, किंवा दुसऱ्या केसमधले (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतले) अरुंद खिळे घ्या. म्हणून टाइप ओतणाऱ्यांनी एकाच वळणाची रुंद, मध्यम, अरुंद अशी भावंडं वेगवेगळी कोरली. पोस्टरसाठी शिसं जड आणि महाग पडायचं, तिथे लाकूड आलं. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७-२८ च्या सुमारास यंत्राने लाकडी अक्षरं कापायला सुरुवात केली, आणि मग हातभर उंचीचं, बोटभर रुंदीचं अक्षरही शक्य झालं. सर्कस, लिलाव, नाटक यांच्या जाहिरातींवर लांबलचक नाव एका ओळीत, लांबून दिसेल असं छापायचं असे. कागदाची रुंदी ठरलेली, मग अक्षर वाढणार कुठे? वर.

वर्तमानपत्रं आणि मासिकांनी हीच काटकसर सभ्य भाषेत केली. थिओडोर डी व्हिन आणि लिन बॉइड बेंटन यांनी १८९४ मध्ये 'सेंच्युरी' मासिकासाठी जो टाइप घडवला, तो आधीच्या टाइपापेक्षा ठळक होता आणि मासिकाच्या दोन रकान्यांत मावावा म्हणून किंचित अरुंदही. लंडनच्या 'टाइम्स'साठी स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डेंट यांनी रेखाटलेला टाइप ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकापासून वापरात आला. तो आज 'टाइम्स न्यू रोमन' या नावाने बहुतेक संगणकांत असतो, म्हणून त्याची काटकसर आपल्या लक्षात येत नाही. बर्ट्रम गुडह्यू या वास्तुरचनाकाराने १८९६ मध्ये आखलेल्या चेल्टनहॅम टाइपाचं अरुंद-जाड भावंड पुढे अमेरिकेत मथळ्यांसाठी खूप चाललं.

या सगळ्यांत समान काय? जागा कमी, शब्द मोजके, अंतर लांब. तुमच्या कामात या तीनपैकी निदान दोन गोष्टी असतील तर हा टाइप घ्या.

दुसरी पायरी: काम या टाइपाचं आहे का ते ठरवा

नाटकाचं उभं पोस्टर, स्मरणिकेचं नाव, मासिकाचं शीर्ष, दोन खांबांच्या मधल्या अरुंद जागेतली दुकानाची पाटी, लोणच्याच्या बरणीचं लेबल, लग्नपत्रिकेवरची दोन नावं. ही सगळी या टाइपाची कामं.

पत्ता, फोन नंबर, मुहूर्ताची वेळ, कार्यक्रमपत्रिकेतली बारीक माहिती, स्मरणिकेतला लेख: यांतलं काहीही यात बसवू नका. हे मी एका लग्नपत्रिकेवर शिकले. सगळी पत्रिका एकाच अरुंद सेरिफमध्ये, पत्ता ९ पॉइंटात, वर सोनेरी फॉइल. फॉइलने 'ई' आणि 'ए' यांच्या आतल्या फटी भरून टाकल्या. वधूच्या आजीने पत्रिका खिडकीपाशी नेली, चष्मा पुसला आणि शेवटी नातवाला विचारलं, "मुहूर्त किती वाजताचा आहे रे?" त्या दिवसापासून १४ पॉइंटांच्या खाली हा टाइप मी नेत नाही, आणि फॉइल असेल तर १८ च्या खाली नाही.

एक ठिकाण असं आहे जिथे सगळे चुकतात: पुस्तकाचा कणा. कणा अरुंद, म्हणून अरुंद टाइप, असं वाटतं. पण नाव कण्याच्या लांबीवर आडवं झोपवलं तर लांबी भरपूर आणि उंची कमी असते. अरुंद टाइपाला नेमकी उंची लागते. तिथे साधा, थोडा रुंद टाइप जास्त मोठा दिसतो. जाडजूड ग्रंथाच्या कण्यावर शब्द उभ्या पुस्तकात आडवे, एकाखाली एक लावायचे असतील तरच अरुंद अक्षर उपयोगी पडतं.

रस्त्यावरून स्कूटरने जाणाऱ्याला दिशा दाखवायची पाटी, दवाखान्यातली सूचना, अशा ठिकाणीही नको. तिथे अक्षरातली पोकळी मोकळी लागते.

तिसरी पायरी: फॉन्ट निवडा, आणि आपल्या गावाच्या नावाने तपासा

सुरुवात मोफत आणि खुल्या परवान्याच्या फॉन्टांपासून करा. गुगल फॉन्ट्सवर 'इन्स्ट्रुमेंट सेरिफ' आहे, सरळ आणि तिरका असे दोनच प्रकार, पण अरुंद आणि जुन्या वळणाचा. मथळ्यासाठी शिकायला उत्तम. 'नोटो सेरिफ डिस्प्ले' थोडा औपचारिक आहे, पण त्यात रुंदी कमी-जास्त करायची सोय फॉन्ट बनवणाऱ्यांनीच रेखाटून दिली आहे. क्लाउस एगर्स सोरेन्सन यांचा 'प्लेफेअर डिस्प्ले' अरुंद नाही, तरी शेजारी ठेवून तुलना करायला घ्या, म्हणजे अरुंद म्हणजे काय ते दिसेल. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर गिऱ्हाइकाच्या कामात, छापील मालावर, पैसे घेऊन केलेल्या कामात फॉन्ट बिनदिक्कत वापरता येतो. नुसता फॉन्ट विकता येत नाही, एवढंच. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेला फॉन्ट मंडळाच्या जाहिरात असलेल्या स्मरणिकेत घालू नका.

तपासण्यासाठी लांब वाक्य नको. वडोदरा हे नाव रोमन कॅपिटलमध्ये लिहा. सुरुवातीलाच 'व्ही' आणि 'ए' एकमेकांकडे कललेले, मध्ये फट पाडणारे. पुढे दोनदा 'डी'चं पोट, एक 'ओ', एक 'आर' आणि एकूण तीन 'ए'. अंतर, गोलाई, तिरक्या रेघा, सगळ्यांची परीक्षा एकाच शब्दात होते. अरुंद टाइपात बाकीचा ठेका घट्ट असल्यामुळे 'व्ही-ए' मधली फट जास्त डोळ्यांत भरते. ती फॉन्ट बनवणाऱ्याने आधीच बुजवली असेल तर फॉन्टवर मेहनत झाली आहे असं समजा.

मग ₹ हे चिन्ह टाइप करून पाहा. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं. जुन्या फॉन्टांत आणि घाईने केलेल्या नव्या फॉन्टांत ते नसतं, मग संगणक दुसऱ्याच कुठल्या फॉन्टमधून उचलून आणतो आणि किमतीपुढे परका पाहुणा उभा राहतो.

चौथी पायरी: रोमन ओळ बसवा

सॉफ्टवेअरमधला अक्षर ताणण्या-दाबण्याचा रुंदीचा आकडा १०० टक्क्यांवरून हलवू नका. हे वाक्य मी नव्या मुलांना संगणकावर चिकटवून ठेवायला सांगते. आडवं दाबलं की उभ्या दांड्या बारीक होतात, पण आडव्या रेघांची जाडी तशीच राहते. सेरिफ टाइपाचा जीव जाड-बारीक रेघांच्या फरकात असतो आणि दाबण्याने नेमका तोच जातो. गोलाईची जाडी वेडीवाकडी होते ती वेगळीच. ॲपल कंपनीने १९८४ पासून अनेक वर्षं आपल्या नावासाठी आणि जाहिरातींसाठी आयटीसी गॅरामंड या टाइपाचं ८० टक्के रुंदीचं रूप वापरलं. पण तिथेही बिटस्ट्रीम या टाइप कंपनीने दांड्यांची जाडी पुन्हा दुरुस्त करून दिली होती. एवढी मेहनत करायची तयारी नसेल तर मुळात अरुंद रेखाटलेला टाइप घ्या.

ओळ सगळी कॅपिटलमध्ये असेल तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाइतकं किंवा त्याहून थोडं कमी चालतं, कारण खाली लोंबणारं काही नसतं. मोठ्या मापाला अक्षरांमधलं अंतर टाइपात आहे तेवढंच राहू द्या. १८ पॉइंटांच्या आसपास कॅपिटल असतील तर किंचित मोकळं करा. ठळक रूप फॉन्टमध्ये नसेल तर सॉफ्टवेअरचं खोटं 'बोल्ड' लावू नका, आतल्या सडपातळ पोकळ्या त्याने बुजतात.

आणि कागद जुना, फाटका, चहा सांडल्यासारखा दिसावा म्हणून वरून डाग टाकण्याची हौस टाळा. शंभर वर्षांपूर्वीच्या छापखान्याने स्वच्छच छापलं होतं.

पाचवी पायरी: मराठी ओळ

आता खरं काम. वेळ असेल तर लेखाचा हा भाग दोनदा वाचा.

देवनागरीची उंची रोमनसारखी नाही. आपल्या अक्षराला तीन मजले आहेत: मधला शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंतचा, वरचा वेलांटी-मात्रा-रफाराचा, खालचा उकारांचा. रोमन कॅपिटल एकाच मजल्यावर पूर्ण उंची वापरतं. म्हणून दोन्ही ओळींची एकूण उंची सारखी केली की मराठीचा मधला मजला बुटका राहतो आणि मराठी नाव इंग्रजीच्या पायाशी बसल्यासारखं वाटतं. मी मधला मजला कॅपिटलच्या उंचीच्या ८५ ते ९० टक्के ठेवते आणि वेलांट्यांना वर मोकळी जागा देते. मराठीच्या दोन ओळी एकाखाली एक असतील तर अंतर मापाच्या दीडपट घ्या. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आपटला की कितीही सुंदर टाइप घेतला तरी उपयोग नाही.

रुंदीचं म्हणाल तर देवनागरी एका मर्यादेपलीकडे अरुंद होत नाही. 'क'ची दोन पोटं, 'ज्ञ', 'झ', 'ण', 'ष्ट्र' यांना आत जागा लागते. दाबल्यावर काने सुतासारखे होतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच जाड राहते. सगळी ओळ पत्र्याच्या छपरासारखी वरून जड दिसते. आजारी मराठी ओळीचं कारण हेच.

मग काय करायचं? दोन रस्ते आहेत. एक, अरुंद म्हणूनच रेखाटलेली देवनागरी घ्या. 'नोटो सेरिफ देवनागरी'मध्ये रुंदी ६२.५ पासून १०० पर्यंत हलवता येते आणि प्रत्येक टप्प्यावर दांड्यांची जाडी सांभाळलेली असते. अगदी तळाला जाऊ नका, ८० ते ८५ च्या आसपास मराठी मोकळा श्वास घेते. 'खंड', 'तेको', 'प्रगती नॅरो' हेही अरुंद आहेत, पण त्यांचं वळण आजचं, सपाट आहे. जुन्या थाटाच्या रोमनशेजारी ते कारखान्याच्या पाटीसारखे दिसतात. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: मराठीला तिच्या स्वाभाविक रुंदीत, मोठ्या मापात, वरच्या ओळीत बसवा आणि अरुंद रोमनला तिच्याखाली लहान, मोकळ्या अंतराने उभं करा. मंडळ आपलं, वाचणारे आपले, नाव आपलं. रुंदीवर पहिला हक्क मराठीचा. यासाठी 'तिरो देवनागरी मराठी' फार चांगला आहे. छापील पुस्तकांच्या परंपरेतलं वळण आहे आणि अक्षरं मराठी पद्धतीची आहेत. मथळा फार जड हवा असेल तर 'रोझा वन'.

मराठी पद्धतीची अक्षरं म्हणजे काय ते नव्या मुलांना सांगावं लागतं. हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' आपल्यापेक्षा वेगळे असतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले आहेत. आपण महाराष्ट्राबाहेर राहतो, बडोद्यात कुणी तपासायला येणार नाही, तरी स्मरणिकेवरचं 'लक्ष्मीविलास' मराठी दिसावं असं मला मनापासून वाटतं. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की बरोबर रूप येतं. हे न माहीत असल्यामुळे कितीतरी जण चांगला फॉन्ट सोडून देतात.

मराठी तपासण्यासाठी माझी ओळ अशी: 'सयाजीबागेतल्या तिसऱ्या बाकावर शाळेतली मुलं, ॲल्युमिनियमचे डबे आणि उत्कृष्ट भाकरवडी.' यात 'तिसऱ्या'मधला अर्धचंद्रासारखा र, 'ळ', 'ॲ', 'ष्ट' सगळं येतं. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरसूचीत) २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी चौकोन दिसतो. 'तिसऱ्या'चं 'तिसर्या' होत असेल तर तो फॉन्ट मराठी मजकुरासाठी बाद.

आता जाडी जुळवायची एक सोपी रीत. रोमन कॅपिटल 'आय' आणि मराठी काना शेजारी शेजारी उभे करा. दोन्ही दांड्या सारख्या जाड दिसल्या पाहिजेत. मराठी बारीक वाटली तर तिचं वजन, म्हणजे फॉन्टमधली जाडी, एक पायरी वाढवा. जाड-बारीक रेघांची जागा मात्र जुळवायला जाऊ नका. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो, म्हणून देवनागरीत जाडी वेगळ्या वळणांवर येते. ती तशीच शोभते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमनला दिलेलं अंतर मराठीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. रोमनची शैली उचलून मराठी ओळीला लावताना हे हमखास होतं. तो आकडा शून्यावर आणा.

इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, जोडाक्षरं सुटली, तर फॉन्टला दोष देऊ नका. सेटिंग्जमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीची मजकूर-जुळणी निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर.

गुजराती ओळ असेल तर

बडोद्यात ती असणारच. गुजरातीला शिरोरेषा नाही, अक्षरं गोलाईवर चालतात, त्यामुळे दाबलं तर देवनागरीपेक्षाही लवकर बिघडतात. 'रासा' हा सेरिफ फॉन्ट गुजरातीसाठी घ्या, स्वाभाविक रुंदीत ठेवा. शिरोरेषा नसल्यामुळे गुजराती ओळ मराठीपेक्षा फिकी दिसते, वजन थोडं वाढवलं की बरोबरीला येते. तिन्ही लिपी एका ओळीत कोंबू नका.

लेबलचं काम असेल तर एक कायदा

घरगुती मसाले, पापड, लोणची करणाऱ्या बऱ्याच ताई-काकू लेबलसाठी येतात. नावासाठी हा टाइप छान दिसतो. पण वजन, किंमत, तारीख यांना पॅकबंद वस्तूंचे २०११ चे वैध मापनाचे नियम लागू होतात, आणि त्यात अक्षराची किंवा आकड्याची रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नसावी असं स्पष्ट आहे. एक हा आकडा आणि रोमनमधली 'आय', 'एल' अशी मुळातच सडपातळ अक्षरं तेवढी वगळली आहेत. अती अरुंद टाइप इथे सरळ नियमात अडकतो. म्हणून नाव जुन्या थाटात आणि माहिती साध्या, मोकळ्या टाइपात. आकडा छापून फूटपट्टीने मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटची पायरी: छापखान्यात

अरुंद सेरिफच्या बारीक रेघा छपाईत आधी बळी पडतात. मॅपलिथोसारख्या शाई पिणाऱ्या कागदावर शाई पसरते आणि पोकळ्या लहान होतात. आर्ट पेपरवर रेघा स्वच्छ येतात, पण केसाएवढ्या असतील तर तुटक दिसतात. सगळ्यात जास्त धोका गडद रंगावर पांढरी अक्षरं सोडताना. मरून रंग चार शायांतून बनवला असेल आणि रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, जरा हललं तरी बारीक रेघ भरून जाते. तिथे एक तर स्वतंत्र एकच शाई घ्या, किंवा अक्षर मोठं करून वजन वाढवा. स्क्रीन प्रिंटिंगलाही हेच लागू.

फ्लेक्स असेल तर छोटी चाचणी करा. दहा फुटी बॅनर पन्नास फुटांवरून पाहिला जाणार असेल तर एक फुटाचा प्रिंट काढून भिंतीला लावा आणि पाच फुटांवर उभं राहा. नाव वाचता आलं नाही तर फ्लेक्सवरही येणार नाही.

फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेषांच्या आकारांत बदलून, द्या, आणि मजकूर बदलता येईल अशी एक प्रत स्वतःकडे ठेवा. कर्व्ह न करता फाइल दिली आणि छापखान्यात जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट असले तर तुमचा मराठी मजकूर तिथे उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसतात. कर्व्ह केल्यावर प्रत्येक शब्द पुन्हा वाचा. एकदा एका मंडळाच्या फलकावर रफार शेजारच्या अक्षरावर सरकला होता आणि आम्ही चौघांनी पाहूनही तो सुटला.

शक्य असेल तर पहिला कागद निघताना मशीनपाशी थांबा. तो हातात घ्या, भिंग काढा, आणि या क्रमाने पाहा: लहान 'ई'ची फट उघडी आहे का, 'व्ही-ए' मधलं अंतर बरोबर आहे का, शिरोरेषा सलग आहे का, वेलांट्या आणि उकार पूर्ण उमटलेत का, ₹ त्याच टाइपातलं आहे का. मग तो कागद मशीनवरच्या काकांना दाखवा आणि विचारा, "काका, शाई जरा जास्त वाटते का?" ते अंगठ्याने कागद दाबून पाहतील आणि काहीतरी सांगतील. ते ऐका, हवी ती दुरुस्ती करून घ्या, दुसरा कागद पाहा आणि मग सही करा.